वरच्या लोकांचा आवाज

रविवारी आमचं वसतिगृह रिकामं होतं. जवळच्या गावांच्या मुली शनिवारी दुपारीच पिशव्या भरून निघतात. उरलेल्या रविवारी सकाळी डोकं धुऊन बाजारात जातात, नाहीतर कुणा मावशीकडे. संध्याकाळची मेस बंद असते. मलाही गावी जाता येतं. वर्ध्याहून हिंगणघाट, तिथून वडनेर, आणि वडनेरहून मिळेल ते वाहन. पण गेलं की परत यावंसं वाटत नाही, हे दोनतीनदा अनुभवलं, म्हणून मी जाणंच कमी केलं.

यंदा हिवाळ्यात मी कॉलेज सोडायचं जवळजवळ ठरवलं होतं. तसं मोठं कारण काही नव्हतं. वर्गात शिकवतात ते इंग्रजीत असतं, आणि एक वाक्य मनात मराठी करून घेईपर्यंत सर पुढच्या वाक्यावर गेलेले असतात. पहिल्या चाचणीत मी नापास झाले. खोलीतल्या मुली वाईट नाहीत, पण त्यांच्यात बसले की माझ्या तोंडून 'मला'च्या जागी 'मले' निघतं, आणि मग त्या दिवशी तो शब्द खोलीत सगळ्यांच्या तोंडी फिरतो. त्या लाडानेच म्हणत असतील. मी मात्र बोलायच्या आधी वाक्य तपासून घ्यायला लागले, आणि तपासता तपासता बोलणं राहूनच जायला लागलं.

गावी राहून बाहेरून परीक्षा देता येते, अशी मी चौकशी करून ठेवली होती. ते घरी कसं सांगायचं, हे समजत नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात पोचलेली मीच पहिली. बाबा जिनिंगमध्ये कापसाचे गठ्ठे उचलतात. तिथल्या लोकांना त्यांनी सांगून ठेवलंय की पोरगी सायन्सला आहे. आई-बाबांना तरी मी कसंबसं सांगितलं असतं. ताईला सांगणं मला जमलं नसतं.

ताई माझ्याहून बरीच मोठी. बारावीनंतर तिला नर्सिंगला जायचं होतं. त्याच वर्षी केळझरचं स्थळ आलं. घर चांगलं, मुलगा चांगला, मागणंही काही नव्हतं. आई म्हणाली, शिकायचं तर तिकडे जाऊनही शिकता येतं. कुणी तिच्यावर जबरदस्ती केली असं मी म्हणणार नाही. ती गेली आणि शिकणं राहिलं, इतकंच.

एका रात्री जेवणानंतर खोलीत लहानपणीच्या मालिकांचा विषय निघाला. एकीने मोबाइलवर एक चित्र काढून दाखवलं. चमकदार कपड्यांतले आई-वडील, एक मोठी मुलगी, एक धाकटा मुलगा, आणि मागे दिव्यांनी भरलेली भिंत. मी चटकन म्हणाले, ही तर आम्ही दर रविवारी बघायचो. मला किती आनंद झाला होता! इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात मला सांगण्यासारखं काही सापडलं होतं. लगेच एकीने त्या मालिकेची धून गुणगुणायला सुरुवात केली. बाकीच्यांना ती पाठ होती. सगळ्यांनी मिळून म्हटली आणि माझ्याकडे पाहिलं. मी ती धून त्या रात्री पहिल्यांदा ऐकत होते. मी नुसते ओठ हलवले.

आमच्या टीव्हीला आवाज नव्हता. हे त्यांना सांगता आलं असतं, पण सांगितलं नाही.

तो जाड पाठीचा टीव्ही दुसऱ्याच्या घरून आमच्याकडे आला होता. एका उन्हाळ्यात त्याचा आवाज गेला. बाबांनी तो सायकलला बांधून वडनेरला नेला. दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण उघडून धूळ फुंकली आणि सांगितलं, जुना सेट आहे, आवाजाच्या मागे लागलो तर चित्रही जाईल. बाबा तसाच परत घेऊन आले. चित्र तर आहे ना, असं म्हणाले, आणि आमच्या घरी पुढची काही वर्षं टीव्ही ही नुसती पाहायची वस्तू झाली.

रविवारी सकाळी विहारात वंदना असे. ती आटोपून आम्ही घरी येईपर्यंत ही मालिका सुरू व्हायची वेळ झालेली असे. पांढऱ्या साड्या न बदलताच आई आणि शेजारची काकू खाली बसत. मी ताईला चिकटून बसे. आणि ताई त्या सगळ्यांचं बोलणं बोलून दाखवी.

मालिकेचं नाव आम्हाला कधी वाचता आलं नाही. अक्षरं इंग्रजी, शिवाय आगीतून उडत यायची आणि लगेच फुटायची. आम्ही त्या कुटुंबाला 'वरचे लोक' म्हणायचो. ढोलासारख्या गोल घरात ते चांदण्यांमधून फिरत असत. ते घर त्यांची आई चालवायची. वडील काचेच्या पेट्यांत भाजीपाला लावायचे. ताईने त्या बाईला आमच्या आईचा आवाज दिला होता. बाहेर दगड येऊन आदळताहेत, सगळं घर हलतंय, आणि ती बाई बटणं दाबत म्हणतेय, "आता माह्या डोक्याले ताप देऊ नोका, सरका तिकडं." वडील आमच्या बाबांसारखे, म्हणजे फारसे बोलतच नसत. खोकत. आणि ती दिव्यांची भिंत लुकलुकायला लागली की ताई नाकात बोलणाऱ्या एसटीच्या कंडक्टरचा आवाज काढी. "चला, पुढं सरका, मंग गाडी हालन." काकू हसून हसून पदर तोंडात कोंबायची.

फक्त मोठ्या मुलीला ताई बोलायला लावत नसे. ती मुलगी सारखी खिडकीशी उभी असायची. तिचे ओठ हलत असायचे. मी विचारायचे, ते काय म्हणते? ताई म्हणायची, काही नाई, पाहून राह्यली.

एक भाग मला पक्का आठवतो, कारण त्या दिवशी आई रडली होती. मोठी मुलगी नवे कपडे घालून उभी होती, हातात पेटी होती. आईने तिला जवळ घेतलं. वडिलांनी डोक्यावर हात ठेवला. भाऊ तोंड फिरवून उभा राहिला. मग गोल घराच्या पोटातून एक लहान गाडी पुढे आली आणि मुलगी तिच्याकडे चालायला लागली. आम्हा सगळ्यांनाच एका क्षणात कळलं की मुलगी सासरी चालली. काही विचारायची गरजच नव्हती. ताईने त्या बाईच्या तोंडी घातलं, "पोरी, सांभाळून राह्यजो. सासूच्या शब्दाबाहेर नोको जाऊ." काकूने विचारलं, नवरदेव कुठं हाय? ताई म्हणाली, "तो गाडीत बसला हाय आधीच. लाजते." काकू हसली, आई मात्र डोळे पुसत राहिली. त्या हिवाळ्यात केळझरचे लोक एकदा येऊन गेले होते.

उन्हाळ्यात ताईचं लग्न झालं. त्यानंतर दोनतीन रविवार मी एकटीने मालिका लावून पाहिली. ओठ हलायचे, दिवे लुकलुकायचे. मला काही समजायचं नाही, आणि मी टीव्ही बंद करून बाहेर जायची.

तर आता, इतक्या वर्षांनी, रविवारच्या रिकाम्या खोलीत मी ती मालिका मोबाइलवर शोधली. हिंदीतले सगळे भाग कुणीतरी टाकून ठेवले आहेत. इयरफोन लावून मी पहिला भाग सुरू केला. खरं सांगायचं तर मला तो सहन झाला नाही. त्या बाईचा आवाज गोड, बातम्या देणाऱ्यासारखा. वडील सारखे बोलत होते, हुकूम देत होते. भिंत अगदी थंडपणे हवेचा दाब सांगत होती. तोंडं सगळी माझ्या ओळखीची, आणि त्यातून बोलणारे परके. मी एक इयरफोन काढून ठेवला, मग पुन्हा लावला. दुसरं काही करायला नव्हतं, म्हणून पाहत राहिले. त्या रविवारी आणि पुढच्याही.

हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. सगळ्यांत जास्त ती मोठी मुलगीच बोलत होती. खिडकीशी उभी राहून ती भावाला ताऱ्यांची अंतरं सांगायची. वडिलांचं गणित दुरुस्त करायची. दूरच्या कुठल्या ग्रहावर एक मोठी शाळा होती, तिथे जायचं म्हणून तिचे आईशी वाद व्हायचे. मग तो पेटीचा भाग आला. बाईने तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, मन लावून शिक, आमची काळजी करू नकोस.

मी मोबाइल पालथा ठेवला. ती शिकायला गेली होती. आमच्या घरात चार बायका मिळून एका मुलीला शाळेत जाताना पाहत होतो, आणि चौघींपैकी एकीच्याही मनात ते आलं नाही.

पुढचे भाग मी पाहिले नाहीत. ही गोष्ट ताईला सांगावी की सांगू नये, हेच आता डोक्यात बसलं. फोनवर तर आमचं बोलणं कधीच दोन वाक्यांच्या पुढे जात नसे. फोन भाऊजींचा, मागे घरातली माणसं. ती विचारणार, जेवली का? मी म्हणणार, हो. मेसमध्ये काय होतं? मी भाजीचं नाव सांगणार. बरं चाललं ना? हो. मग ती म्हणणार, ठेवू मंग? मला वाटायचं, आमच्याजवळ एकमेकींसाठी आता एवढंच उरलंय. फोन ठेवला की मी आणखी एकटी व्हायची.

जानेवारीतल्या एका रविवारी मी केळझरला जायचं ठरवलं. सगळ्यांत अवघड तेच आधी करायचं, ताईला सांगायचं की मी कॉलेज सोडतेय, आणि तिने हो म्हटलं तर तीच आईला सांगेल, असा माझा बेत होता. सकाळच्या नागपूर गाडीत बसले. सेलूपर्यंत मी काय बोलायचं ते मनात जुळवत होते. सेलू गेलं आणि सगळं विसरले.

ताई अंगणात उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. तिची सासू शेतावर गेली होती. भाची शेंगांच्या ढिगात पाय घालून बसली होती. मला पाहून ताई उठली नाही, नुसती हसली.

"आली का वर्ध्याची मॅडम? बस. शेंगा घे."

मी म्हणाले, मला आधी पाणी दे. ती भाचीकडे वळून म्हणाली, "ऐकलं का वं? 'मला' म्हणते तुही मावशी. आपल्या गिलासात पाणी पेईन का नाई, काय मालूम." मी तिच्या पाठीत बुक्की मारली आणि शेंगा सोलायला बसले.

मग तिने सगळं विचारलं. कॉलेज किती मोठं आहे, प्रयोगशाळेत काय करतात, सर रागावतात का. गल्लीतल्या बायकांना तिने माझ्याबद्दल सांगितलं होतं, आणि त्यातली एक मला बघायला येऊनही गेली. तिच्यासमोर ताईने माझ्या कॉलेजचं एवढं वर्णन केलं की मला ते कॉलेज ओळखू येईना. त्यानंतर मी काय सांगणार होते? ढीग अर्धा झाला, उन्ह सरकलं, आम्ही जागा बदलून बसलो, आणि कॉलेज सोडायचं मी अजून काढलंच नव्हतं. शेवटी मी मोबाइल काढला. तुला एक दाखवते, म्हटलं, आणि पेटीचा भाग लावला.

पहिलं चित्र दिसताच ताईने शेंगांचे हात साडीला पुसले. "अव माय, वरचे लोक!" मोबाइल तिने हातात घेतला. मग ती बाई बोलली आणि ताईचं तोंड वाकडं झालं. हे असं बोलते? हे तर बिमार हाय वाटते. आणि तो कंडक्टर कुठं गेला? मी हसले. ती पाहत राहिली. मोठी मुलगी बोलायला लागली तशी ती हसायची थांबली. मुलगी वडिलांशी गणितावरून भांडत होती. मग पेटी, नवे कपडे, डोक्यावर हात. ती बाई म्हणाली, मन लावून शिक.

"मागं घे," ताई म्हणाली.

मी मागे घेतलं. तिने पुन्हा ऐकलं. मग थोडा वेळ ती मुलीचा चेहरा पाहत बसली.

"शिकाले चालली होती ते," ताई म्हणाली. "आपण तर लगन लावून देल्लं तिचं."

आणि ती हसायला लागली. मलाही हसू आलं. नवरदेव गाडीत लाजत बसला होता, ते दोघींना एकदमच आठवलं. भाचीला काही कळत नव्हतं, तीही हसली. मग ताई हसायची थांबली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, आवाज बंद कर.

मी आवाज बंद केला आणि भाग पहिल्यापासून लावला. ताई बोलायला लागली. एवढ्या वर्षांनीही ती बाई आमच्या आईच्या आवाजात ओरडली, बाबा खोकले. भाची आडवी पडून हसत होती. पेटीची जागा आली. भिंत लुकलुकली आणि ताईने नाकात आवाज काढला, "चला, वर्धा, वर्धा, वर्धावाले पुढं या."

"कुठं चालली ते?" भाचीने विचारलं.

"ऐकलं नाई का? वर्ध्याले. शिकाले."

त्या भागाच्या शेवटी एक लहान प्रसंग आहे. मुलगी त्या दूरच्या शाळेत पोचलेली असते. घरातल्या पडद्यावर तिचा चेहरा दिसतो आणि आई तिच्याशी बोलते. लहानपणी आम्ही त्याला सासरहून आलेला फोन समजलो होतो. ताई आता आईच्या आवाजात म्हणाली, "करमते का वं पोरी, तिथं?"

पडद्यावरच्या मुलीचे ओठ हलायला लागले. ताई काही बोलली नाही. सवयच नव्हती तिला त्या मुलीचं बोलायची. ओठ हलत राहिले. भाची वाट पाहत होती.

"नाई करमत," मी म्हणाले.

ताईने माझ्याकडे पाहिलं नाही. ती मोबाइलकडेच बघत होती.

"काऊन?"

"शिकवते ते समजत नाई. बोलाले कोणी नाई. वापस यावं वाटते."

प्रसंग संपला. गोल घर दूर गेलं, चांदण्यांत बारीक झालं, आणि पडद्यावर साबणाची जाहिरात सुरू झाली. ताईने मोबाइल माझ्या हातात दिला आणि पुन्हा शेंगा ओढून घेतल्या. चारपाच शेंगा सोलून झाल्यावर तिने विचारलं, ती मुलगी मग परत आली का? मी म्हणाले, माहीत नाही, पुढचे भाग मी पाहिले नाहीत.

"मंग पाह्य आधी. पाहून सांग मले."

एवढंच ती म्हणाली. जा म्हणाली नाही, राहा म्हणाली नाही. संध्याकाळी तिने सोल्यांची, म्हणजे त्याच तुरीच्या ओल्या दाण्यांची, आमटी आणि भात खाऊ घातला, आणि सोल्यांची एक पुडी बांधून दिली. वसतिगृहात मी ती कुठे शिजवणार, हे तिच्या लक्षात आलं नसावं. मी ती पिशवीत ठेवली. सोडायला ती फाट्यापर्यंत आली. गाडी दिसल्यावर म्हणाली, "सुटीत येजो. अधीमधी नोको येऊ." मग गाडीत चढता चढता मला ऐकू आलं, "रविवारी फोन करजो. तुहे भाऊजी घरीच राह्यते."

बाहेरून परीक्षेचा विचार मी सोडला आहे, असं मला म्हणता येणार नाही. सोमवारी वर्गात गेले. सर बोलले त्यातलं निम्मं समजलं, कदाचित निम्म्याहून कमी. सोल्यांची पुडी मी मेसच्या मावशींना दिली.

पुढच्या रविवारी खोली नेहमीसारखी रिकामी झाली. दुपार उतरल्यावर मी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे ताईने भाऊजींचा मोबाइल डब्याला टेकवून ठेवला होता, शेजारी भाची. मी खोलीतल्या मुलीचा लॅपटॉप तिला विचारून घेतला होता. त्यावर पुढचा भाग लावला, आवाज बंद केला आणि कॅमेरा त्याच्याकडे केला. चित्र अडखळत होतं. तरी ताई बोलत होती.

त्या भागात मोठी मुलगी एकदाही दिसत नाही. खिडकी रिकामी असते. मध्ये एकदा सगळे जेवायला बसतात आणि एक ताट कुणी वाढत नाही. मालिकेत त्याबद्दल कुणी काही बोलतं की नाही, ते मला माहीत नाही, मी आवाज लावून पाहिलंच नाही. पण ताईने तिथे त्या बाईला बोलायला लावलं. खूप वेळ गेला, चित्र अडकलंय असं मला वाटलं, आणि मग आईच्या आवाजात ती म्हणाली,

"जेवली असन का ते?"

रविवारची मेस बंद होती. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं.

"नाई," मी म्हणाले. "आता जाते बाहेर जेवाले."

आणि चप्पल घालून खाली उतरले.